दिवेलागणीला येणारी गाडी

दिवाकरभाऊ तोंडाने मोटारसायकल चालवायचे.

हे मी गमतीत म्हणत नाही. पन्नाशीला आलेला, टक्कल पडत चाललेला, इस्त्रीचा नसला तरी रोज धुतलेला सदरा घालणारा हा माणूस पुढच्या खोलीत विटांवर ठेवलेल्या मोटारसायकलच्या सांगाड्यावर बसायचा, हँडल धरायचा, डोळे मिटायचा आणि आवाज काढायचा. "टुग्... टुग् टुग्... टुग् टुग् टुग्..." सांगाड्याला चाकं नव्हती. इंजिन कोपऱ्यात पोत्यावर उघडं पडलेलं. टाकी खाटेखाली. भाऊ मधेच थांबायचे, मान तिरपी करून ऐकल्यासारखं करायचे, "अशी नव्हती" असं पुटपुटायचे आणि पुन्हा सुरू. "टुग्... टुग् टुग्..."

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्यांच्याकडे शिडी मागायला गेलो होतो. दार उघडंच होतं. मी हाक मारणार तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला.

"कोन आलं?"

भाऊ त्या सांगाड्यावर गोठले. श्वाससुद्धा घेईनात. अंधारात उंदराची चाहूल घेणारं मांजर बसतं तसे.

"कोन आलं, म्हनलं न मी?"

मी शिडी न घेता घरी आलो.

घाटंजीत जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमची घरं एकमेकांना लागून होती. मधे एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. मी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून गल्लीत मास्तर. दिवाकरभाऊ जिनिंगमध्ये काट्यावर होते. गाडीतून आलेला कापूस मोजायचा, एवढंच काम, आणि तेही ते न बोलता करायचे. बोलायची वेळ आलीच तर त्यांच्याकडे एक वाक्य होतं आणि ते सगळीकडे चालायचं.

"तसं काई नाई."

जेवलात का, तसं काई नाई. बरं नाही का, तसं काई नाई. एकदा बाजारातल्या मोकाट सांडाने त्यांना भिंतीशी दाबून धरलं. लोक काठ्या घेऊन धावले. कोणीतरी ओरडलं, "भाऊ, लागलं काय?" तर सांड आणि भिंत यांच्या मधून बारीक आवाज आला, "तसं काई नाई." तरुणपणी नेरची एक मुलगी पाहायला गेले होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी पसंत नाई काय?" भाऊ म्हणाले, "तसं काई नाई." त्यातला 'नाई' तेवढा वडिलांना ऐकू आला आणि सोयरीक मोडली. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मुलगी त्यांना फार आवडली होती. पुढे लग्न राहूनच गेलं.

त्यांचा मोठा भाऊ मनोहर म्हणजे याच्या अगदी उलट. फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. घाटंजीपासून आर्णीपर्यंत कुठल्याही खेड्यात पंप बंद पडला की मनोहरला निरोप जायचा, आणि तो आपल्या जुन्या, फुगीर टाकीच्या, दोन सायलेन्सरवाल्या मोटारसायकलवर हजर. हसला तर तीन घरं पलीकडे कळायचं. ओळखीचं कोणी दिसलं की हँडल सोडून डावा हात वर करायचा, आणि ओळखीचं नाही असं कोणी त्याला कधी दिसलंच नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला त्याची गाडी गल्लीत शिरली की बायका भाताला आधण ठेवायच्या.

त्यांच्या आईला गल्लीत सगळे 'मनोहरची माय' म्हणायचे. तिला मुलगे दोन होते, पण दिवाकरची माय असं कोणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. मी नवीन राहायला आलो तेव्हा खुद्द दिवाकरभाऊंनी तिची ओळख करून दिली ती अशी: "हे मनोहरची माय."

मनोहर गेला काविळीने. आर्णीजवळच्या खेड्यात मामेभाऊ बंडूकडे कामाला गेला होता, तिथेच अंग पिवळं पडलं. गाडी तिथेच ठेवून जीपने यवतमाळला नेला, आणि दवाखान्यातून परत आणला तो पांढऱ्या कापडात. माय रडली, सगळं रीतसर झालं. वंदना घेतली, भिक्खूंना बोलावलं. पण त्याच उन्हाळ्यात तिच्यावरून वारं गेलं. डावं अंग लुळं पडलं. डोळे काचबिंदूने आधीच गेले होते. आणि मग हळूहळू तिच्या डोक्यातून एकच गोष्ट गळून पडली. मनोहर गेला, ही.

संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून विचारणं यायचं. "मनोहर आला नाई अजून?"

सुरुवातीला भाऊ खरं सांगायचे. "माय, दादा गेला न." मग भिंतीपलीकडे जे व्हायचं ते ऐकवत नसे. ती पहिल्यांदाच ऐकतेय अशी हंबरडा फोडायची. रडून रडून झोपायची. सकाळी उठली की पाटी कोरी. आणि पुन्हा दिवे लागले की, "मनोहर आला नाई अजून?" त्या घरात एकच माणूस रोज संध्याकाळी नव्याने मरायचा. आमची बायको त्या वेळेला मुद्दाम रेडिओ मोठा करायची.

मग भाऊंनी सांगणं बंद केलं. "येऊन राह्यला माय," म्हणू लागले. तर ती जेवणावाचून बसून राहू लागली. मनोहर आल्याशिवाय घास घेणार नाही. म्हणजे खरं सांगितलं तर ती रडायची आणि खोटं सांगितलं तर उपाशी राहायची.

तेव्हा भाऊंच्या डोक्यात गाडी आली.

ती वर्षं आठवली की अजून मला नाकात कापसाची तूस जाणवते. भाव पडलेले, खरेदी कधी सुरू होईल कोणी सांगेना. जिनिंगचा भोंगा वाजेनासा झाला आणि त्यावर घड्याळ लावणारं आमचं अख्खं गाव वेळ चुकू लागलं. भाऊंचा काटा गंजत पडला. लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. खोल्याच्या खोल्या छताला टेकलेल्या. माणसं त्याच्या कडेला पथारी टाकून झोपायची आणि रात्रभर अंग खाजवायची. परगावाहून टीव्हीवाल्यांच्या गाड्या यायच्या, दुःखी घर कोणतं म्हणून विचारत फिरायच्या. एक तर दिवाकरभाऊंच्या दारातही आली होती. आत पन्नाशीचा माणूस तोंडाने "टुग् टुग्" करताना पाहून कॅमेरावाला तसाच मागे सरकला आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

पण तो सांगाडा घरी कसा आला, ते सांगायला हवं.

एका रविवारी भाऊ माझ्या दारात उभे. "मास्तर, येता काय? बंडूकडं." आम्ही एसटीने आर्णीला आणि तिथून पायी बंडूच्या खेड्याला गेलो. बंडूने चहा पाजला आणि भाऊंनी गाडीचं नाव काढताच बायकोकडे पाहिलं.

"हाये न गाडी. कुठी जाईन? कापसाखाली हाये."

मनोहर गेल्यावर गाडी त्याने कोठीच्या खोलीत लावली होती. पुढच्या हंगामात त्यावर कापूस पडला. भाव येईल म्हणून वाट पाहिली. भाव आला नाही. दुसऱ्या वेचणीचाही कापूस त्यावरच पडला. गाडी खाली राहून गेली.

"काढून घ्या," बंडूची बायको म्हणाली. "लेकरं त्या भिंतीकडं झोपत नाईत आमचे."

"काहून?" मी विचारलं.

बंडू हसला, पण नीट हसला नाही. "तसं दिवसा काई नाई, मास्तर. दिवे लागले का मंग तो कापूस खाली दबते न, तवा आवाज येते. कोनी कूस बदलल्यावानी."

कोठीचं दार उघडलं. दुपारचं ऊन बाहेर टळटळत होतं, पण आत एक पांढरा, मुका अंधार होता. आवाजच नाही. आपण बोललेलं आपल्यालाच लांबून ऐकू यावं तसं वाटत होतं. कापूस छातीएवढा. भाऊ चपला काढून आत शिरले, जसे विहारात शिरतात. मग दोन्ही हातांनी उपसू लागले. मी आणि बंडू मागून गोणपाटाच्या पल्ल्यांत भरत होतो.

थोड्या वेळाने भाऊ थांबले. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत कापसात गेला होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले. "गरम हाये."

"कापूस गरम होतेच," बंडू घाईघाईने म्हणाला. "दबला का गरम होतेच तो."

भाऊंनी हात ओढला. कापसातून आधी एक हँडल वर आलं, मग दुसरं. कोणी पांढऱ्या पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढावेत तशी. मी कापूस बाजूला केला तर एक वाटोळा आरसा निघाला, आणि त्यात डोक्या-भुवयांवर पांढरी तूस चढलेला एक म्हातारा माझ्याकडे पाहत होता. मी मागच्या मागे बंडूवर आपटलो. तो मीच होतो. बंडूची बायको दारात हसायला लागली, आणि मग आम्ही सगळेच, भाऊ सोडून.

भाऊ टाकीवरून हात फिरवत होते. आणि मी त्यांना पहिल्यांदा मनोहरशी बोलताना ऐकलं.

"दादा, चाल घरी."

बंडूच्या बैलगाडीतून आर्णी, आर्णीहून एका रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून घाटंजी. वाटभर गाडीच्या कानाकोपऱ्यांतून कापसाचे पुंजके उडत होते. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने आमच्या बैलगाडीला ओलांडताना छातीवर हात ठेवला. का ठेवला, मी विचारात पडलो. मग लक्षात आलं, मोटारसायकलवर आम्ही पांढरी चादर टाकली होती.

गाडी सुरू होईना, म्हणून भाऊंनी ती पुढच्या खोलीत सुटी केली, आणि खरी गंमत सुरू झाली, कारण दिवाकरभाऊंना मोटारसायकलमधलं काहीही कळत नव्हतं. पैसेही नव्हते. त्यांच्याकडे होती ती फक्त आठवण. मनोहर गाडी खोलायचा तेव्हा हे शेजारी बसून पाने-पक्कड धरायचे, आणि मनोहर जे बडबडायचा ते सगळं यांच्या डोक्यात साठलेलं होतं. "दादा म्हने, आंधी प्लग पाहा." मग प्लग काढून दात घासायच्या ब्रशने घासला जायचा. "दादा म्हने, पेट्रोलची नळी मऊ पाह्यजे." मायच्या आजारपणात उरलेली सलाईनची नळी कामी आली. सीटवर जिनिंगच्या बारदान्याचं कव्हर चढलं. सायलेन्सरचं भोक गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून बुजवलं. यवतमाळच्या भंगारवाल्याकडे भाऊ इतक्या वेळा गेले, की तो त्यांना पाहिलं की आपणहून ढिगाऱ्यातून बाजूला व्हायचा. पिस्टन तिथेच मिळाला, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. तो बसेना म्हणून भाऊंनी त्याला महिनाभर पॉलिश पेपरने घासलं. माय आतून विचारायची, "काय घासून राह्यला रे?" भाऊ म्हणायचे, "भांडे."

टाकी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मनोहरच्या टाकीवर एक पिवळी रेघ होती आणि बाजूला आखडत्या अक्षरांत 'मनोहर'. भाऊंना हुबेहूब तसंच हवं होतं. मी म्हणालो, "मायला तर दिसत नाही, भाऊ." ते म्हणाले, "गाडीले दिसते न."

रोज शाळेतून आल्यावर मी बसायचो. भाऊ चहा आणायचे, तीन कप. पहिल्या दिवशी माझा संपल्यावर मी तिसऱ्या कपाला हात घातला.

"तो दादाचा हाये," भाऊ म्हणाले.

मी हात मागे घेतला. निघताना पाहिलं तर तो कप रिकामा होता. भाऊंनीच घेतला असणार. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते "तसं काई नाई" म्हणाले असते, आणि मग मी त्या खोलीत परत पाऊल टाकलं नसतं.

एकदा मात्र धीर करून म्हणालो, "भाऊ, तुम्ही भूत मानता काय?"

त्यांना राग आला. "आमी बुद्धाले माननारे लोकं, मास्तर. भूतबीत काई नसते." त्यांनी पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "मानूस जाते. सवय राह्यते त्याची. ते जाऊन येऊन राह्यते."

होळीच्या आसपास गाडी सुरू झाली. खोलीभर निळा धूर कोंदला, मी खोकत बाहेर पळालो. भाऊ धुरात उभे राहून हसत होते, आणि आतून माय ओरडली, "कोन पाव्हने आले रे?"

भाऊंचं हसू उतरलं. तिने ओळखलंच नव्हतं. गाडी चालत होती, पण ती मनोहरची नव्हती. कोणाची तरी होती.

तिथून पुढे जे सुरू झालं त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. भाऊ आवाज शोधत होते. म्हणूनच ते सुरुवातीपासून सांगाड्यावर बसून तोंडाने तो आवाज जिवंत ठेवत होते, हे मला आता समजलं. सायलेन्सरचा पत्रा काढला, पुन्हा ठोकला. आतली नळी कापली. गाडी कधी दम्याच्या माणसासारखी धापायची, कधी पिठाच्या गिरणीसारखी. मधल्या काळात ती चालवायलाही शिकायचं होतं. जिनिंगच्या ओसाड आवारात, जिथे पूर्वी कापसाचे डोंगर असायचे, तिथे भाऊ एकटे गोल गोल फिरायचे आणि पडायचे. कुंपणाबाहेरून कोणी विचारायचं, "भाऊ, पडले काय?"

उत्तर सांगायला नको.

आणि मग एक दिवस त्यांना आठवलं. पंपांच्या सामानाची पेटी! मनोहर मागे लोखंडी पेटी बांधायचा. त्यात नोझल, वायसर, नटबोल्ट. गाडी आली की आधी त्या पेटीचा खुळखुळाट यायचा. पेटी केव्हाच भंगारात गेली होती. भाऊंनी तेलाचा डबा घेतला, त्यात घरातलं सगळं लोखंडी सामान भरलं. कमी पडलं म्हणून माझ्याकडचे खिळे नेले.

त्या संध्याकाळी मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो. गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला. आधी खुळखुळ, मग टुग् टुग् टुग्. माझ्या हातातला तांब्या तिरपाच राहिला. डोकं सांगत होतं, दिवाकरभाऊ आहेत; पण मानेवरचे केस उभे राहिले होते. बायको स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, "अहो, मनोहरभाऊ..." आणि तिथेच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. दोन घरं पलीकडे कोणीतरी सवयीने भाताचं पातेलं चुलीवर ठेवलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

गाडी दारात थांबली. दोनदा मोठी झाली आणि बंद पडली. मनोहर अशीच बंद करायचा.

"मनोहर?" आतून आवाज आला. "आला काय बाप्पा?"

गल्लीत कोणी हलेना. भाऊ गाडीवर बसून होते. आवाजापर्यंतचं सगळं त्यांनी जुळवलं होतं, त्याच्या पुढे काय, याचा विचारच केला नव्हता. आता उत्तर द्यायचं होतं, आणि त्यांच्याकडे तर एकच वाक्य.

मग मी मेलेल्या माणसाचा आवाज ऐकला.

"आलो न माय! वाढ लवकर, पोटात कावळे वरडून राह्यले!"

तोच घोगरा, तोच तीन घरं पलीकडे जाणारा. भाऊ अंधारात आत गेले. त्या रात्री माय जेवली.

तिथून ते रोजचं झालं. दिवे लागायच्या आधी भाऊ गाडी हळूच ढकलत जिनिंगपर्यंत न्यायचे, तिथून चालू करून वाजतगाजत यायचे. अंगात मनोहरचा चौकड्यांचा सदरा, केसांना त्याचं वासाचं तेल. गावात कुजबुज व्हायला किती वेळ लागतो? पानठेल्यावर म्हणे मनोहरने हात केला. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर संध्याकाळचा फिरायला जायचा बंद झाला. ज्यांना खरं माहीत होतं तेही गाडी आली की पोरांना आत घ्यायचे. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा त्या वेळेला भिंतीकडे पाठ करून बसायला लागलो.

कारण गाडी बंद झाल्यावरही मनोहर जाईना. भाऊ दिवसाही, मनोहर धरायचा तसा, डाव्या हाताने चहाचा कप धरू लागले. टपरीवर बसून मोठ्यांदा हसले, आणि आजूबाजूचे चारजण उठून गेले. एकदा बाजारात ते पुढे चाललेले दिसले. मी हाक मारली, "दिवाकरभाऊ!" वळले नाहीत. जवळ जाऊन पुन्हा मारली. नाही. माझ्या तोंडून कसं गेलं माहीत नाही, पण मी म्हणालो, "मनोहर."

त्यांनी लगेच वळून डावा हात वर केला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलंच. म्हणालो, "भाऊ, आता बंद करा हे. माय जेवते, चांगलं आहे. पण तुम्ही कुठं आहात? तुम्हाला कोणी पाहिलंच नाही गेल्या कितीक दिवसांत."

"तसं काई नाई," भाऊ म्हणाले. हायसं वाटलं मला ते ऐकून. मग त्यांनी मान खाली घातली. "मास्तर, उद्या दिवे लागले का मागच्या ओट्यावर येऊन बसा. बोलू नका फक्त."

मी गेलो. मागच्या दाराच्या फटीतून आतली खोली दिसत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाटेवर माय, डोळे छताकडे. गाडी आली, बंद झाली. चौकड्यांचा सदरा आत आला आणि खाटेशी बसला. मायने चालता हात पुढे केला, सदऱ्याची बाही धरली.

"जेवला काय?"

"हो माय! बंडूकडं जेवलो. पोट फुटाले आलं!"

म्हातारी हसली. मग तिने आवाज खाली आणला.

"अन् तो जेवला काय?"

"कोन?"

"लहान्या."

सदऱ्याची पाठ ताठ झाली.

"तो मांगत नाई रे," माय म्हणाली. "तुयं बरं होतं, भूक लागली का घर डोक्यावर घे. त्यानं कधी ताट वाजवलं नाई. चुलीजोळ बसून राहे, अन् मी म्हनो, याले नसन भूक. तुलेच वाढत राह्यली मी." ती बाही चिमटीत घेऊन चुरगाळत राहिली. "मले न्हाऊ घालते तो. पानी आंधी आपल्या हातावर घेऊन पाह्यते, मंग माह्या आंगावर टाकते. मले दिसत नाई, पन समजते न. बाईमानसावानी करते रे सारं. कधी एक गोड शब्द बोलली नाई मी त्याले. आता कसं बोलू? लाज वाटते."

"मी सांगू त्याले?" आवाज मनोहरचाच होता, पण तळाशी फाटलेला.

"सांग. पन मी म्हनलं म्हनून नको सांगू."

"बरं माय."

"उद्या येजो."

भाऊ मागच्या दाराने बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं नाही. चौकड्यांचा सदरा काढून खुंटीला लावला, आपला धुतलेला घातला. रांजणातल्या पाण्याने डोकं, तोंड धुतलं, तेलाचा वास जाईपर्यंत. मग माझ्याशेजारी ओट्यावर जरा टेकले.

"रोज विचारते मास्तर," ते म्हणाले. "रोज माह्याबद्दलच विचारते."

एवढं बोलून उठले, घसा साफ केला आणि अनवाणी आत गेले.

"माय."

"आला काय." आवाज कोरडा. रोजचा. "मनोहर येऊन गेला."

"हो काय? काय म्हने दादा?"

"काई नाई."

भाऊंनी चुलीवरचं काढलं, दोन ताटं वाढली, मायला भिंतीला टेकवून बसवलं. मायचं खाटेवर तिच्या हाताशी ठेवलं, स्वतःचं खाली घेऊन खाटेला टेकून बसले. तिचा चालता हात खाटेच्या कडेवरून खाली उतरला, चाचपडत त्यांच्या ताटापर्यंत पोचला. बोटांनी भाकर मोजली, वरणाची वाटी हलवून पाहिली. मग हात वर गेला, तिने आपल्या ताटातली भाकर मांडीशी दाबून कशीबशी मोडली आणि अर्धी खाली सोडली. ती ताटाच्या काठावर पडली.

भाऊंनी ती उचलून घेतली आणि जेवू लागले. मी आवाज न करता ओट्यावरून उतरलो आणि घरी आलो.